चार अक्षरं अन् उरलेले हार

मंडळी, आज दुपारी घरात पैज लागली. माझी ननंद अकोल्याले इंग्रजी शिकवते, सुट्टीत आमच्याकडे अमरावतीले आली. दोघी शेवंतीचे हार ओवून राहिलो होतो, तं ती म्हणे, "वयनी, एम, वाय, टी, एच. ही चारही अक्षरं असलेला सगळ्यात लंबा इंग्रजी शब्द सांगा. जे हरन, तिनं उरलेले हार ओवाचे."

तिनं 'मायथॉलॉजी' म्हटलं अन् सुई ठेवून देली.

मी मांडीतल्या फुलांकडे पायलं. "क्रिसॅन्थेमम." शेवंतीच ते. दर हंगामात आमच्या फुलशेतीसाठी येणाऱ्या रोपांच्या ट्रेवर हेच इंग्रजी नाव छापून येते.

तिनं बोटांवर इंग्रजी अक्षरं मोजली: चारही होती, अन् तिच्या शब्दाची नऊ तं माझ्या शब्दाची तेरा. तिनं सुई उचलली.

मी आता चहा पिऊन राहिली. तुमच्या मांडीत कोणता शब्द पडून आहे?