बटणताईंचं चित्र

बटणताई मला किती माहीत होत्या असं कुणी विचारलं, तर ‘फारशा नाहीत’ हेच खरं उत्तर आहे. त्यांनी लग्न का केलं नाही, त्यांना गाणं आवडायचं का, आजारी पडल्या की त्यांच्याकडे कोण बघायचं, यातलं मला काही ठाऊक नाही. त्या गेल्यावर त्यांच्या मामेबहिणीची मुलगी मला शोधत आली. म्हणाली, “मावशीच्या खोलीतलं चित्र तुम्हीच लावलंत ना? मग त्याचं काय ते लिहून द्या. आमच्यापैकी कुणाशीच ती त्याबद्दल बोलली नाही.” मी म्हटलं, “तोंडी सांगतो.” तर म्हणे, “तोंडी सांगितलंत तर मी विसरेन.” म्हणून हे लिहितो आहे. चुकलंमाकलं तिनं सांभाळून घ्यावं.

मी चौकटी करणारा. ज्या दुकानात होतो तिथं जुन्या, नावाजलेल्या चित्रांच्या छापील प्रती मिळायच्या. त्या आम्ही चौकटीत बसवून द्यायचो. जोडीला आरसे असायचे, कारण मालक म्हणायचे, “चित्र सगळ्यांना आवडेलच असं नाही, पण स्वतःचं तोंड सगळ्यांना आवडतं.” बटणताई आमच्याच रस्त्यावर शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात काजं करायच्या आणि बटणं लावायच्या. त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि कळल्यावरही ते त्यांचं वाटलं नाही.

एका शनिवारी अर्ध्या सुट्टीनंतर त्या दुकानात आल्या आणि प्रार्थनाघरातलं एक चित्र हवं म्हणाल्या. ते प्रार्थनाघर कधीच बंद झालं होतं, चित्र संग्रहालयात गेलं होतं. मालकांनी जाड पुस्तक काढलं आणि शोधून दिलं. देवाची आई वाटेत झाडाखाली टेकली आहे, मांडीवर बाळ झोपलंय, मागे एक म्हातारा गाढवाची दोरी धरून उभा आहे. ताईंनी पान पाहिलं आणि म्हणाल्या, “हेच.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “हेच का?”

तिथून ते प्रकरण सुरू झालं. संग्रहालयानं चित्र धुऊन काढल्यानंतरची प्रत मागवली. आईची ओढणी निळीभोर दिसत होती. ताई म्हणाल्या, “एवढं निळं नव्हतं. धुरानं सगळं काळवंडलेलं होतं.” मग धुण्याच्या आधीची प्रत मागवली. रंग बरोबर आला, तरी त्यांची मान हलेना. कागद गुळगुळीत आहे म्हणून असेल, तर कापडावर छापलेली मागवली. लहान वाटत असेल म्हणून मोठी मागवली. त्या प्रत्येक वेळी चित्रासमोर उभ्या राहायच्या, अंगठ्यावरचा घट्टा दुसऱ्या हाताच्या नखानं खरवडायच्या आणि म्हणायच्या, “ही ती नाही.”

“ताई,” मालक एकदा वैतागून म्हणाले, “काढणारा मरून शेकडो वर्षं झाली. आता तो काही दुरुस्तीला यायचा नाही.”

“त्याची नाही हो, तुमचीच चूक आहे काहीतरी. पुरुषाच्या सदऱ्याला बायकी बटणपट्टी लावावी ना, तसं दिसतंय. सगळं आहे, पण घालायला गेलं की हात चुकतो.”

मालकांना हसू आलं. मला आलं नाही.

पुढे दर शनिवारी त्या रस्त्याच्या टोकाला दिसल्या की मालक मला ओरडून सांगायचे, “तुमचं गिऱ्हाईक आलं हो! स्टूल पुसून ठेवा.” माझे कान तापायचे. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला दादा म्हणायच्या. एकदा अशी सुरुवात झाली की माणूस जन्मभर दादाच राहतो. पण शनिवारी मी धुतलेला सदरा घालायचो, हे इथं लिहून टाकतो. आता त्याचं कुणाला काय?

असंच एकदा मालक जेवायला गेले असताना ताईंनी मला सांगितलं. लहानपणी पाठीच्या दुखण्यानं त्या प्रार्थनाघरातच असलेल्या दवाखान्यात कितीतरी महिने पडून होत्या. मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान वळवायची नाही, अशी सक्त ताकीद. आई तिथंच धुणं धुवायची. काम आटोपलं की येऊन बसायची. “समोर ते चित्र, आणि चित्राच्या बरोबर खाली आई. मी बरी व्हायच्या आतच ती तापानं गेली. फोटो एकही नाही. मामांना विचारलं तर म्हणायचे, तुझ्यासारखीच होती. आता याचं मी काय करू? आरशात बघितलं की माझंच म्हातारपण दिसतं. आधी तिचा चेहरा आठवायचा, दादा. हल्ली पुसट झाला. चित्र आठवतं, स्टूल आठवतं, चेहऱ्याच्या जागी काही नाही. वाटलं, चित्र समोर आलं तर खाली ती पण येईल.”

मी म्हटलं, “येईल.” दुसरं काय म्हणणार?

“एक मात्र कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “एवढ्या लांब का बसायची? पार समोरच्या भिंतीला. माझं दुखणं लागेल म्हणून भीत असेल. केसांतून हात फिरवायची ती तिथली नर्स. तो हात मला अजून आठवतो. आई मात्र लांबूनच बघायची.”

हे त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. सवय झालेल्या दुखण्याबद्दल बोलावं तसं सांगत होत्या.

त्या दिवशी मोठी प्रतही त्यांना पटली नाही. मालक परत आले होते, त्यांनी हातानंच ‘ठेवून द्या’ अशी खूण केली. मी ती छातीशी धरून फळीकडे निघालो. न्हाव्याच्या दुकानासाठी केलेला एक मोठा आरसा तिथं भिंतीला टेकवून ठेवला होता. ताई त्याच्यापुढेच वाकून पिशवी उचलत होत्या. एकदम म्हणाल्या, “थांबा! हलू नका.”

मी थांबलो. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, आरशात बघत होत्या.

“तीच ही. हीच ती. अशीच बघायची ती, खिडकीकडे.”

“ताई, ते आरशातलं आहे,” मालक म्हणाले. “उलटं दिसतंय ते.”

त्यांनी मागे वळून माझ्या हातातल्या चित्राकडे पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि स्टुलावर बसल्या.  

“समोर बेसिन होतं,” त्या हळू म्हणाल्या. “त्याच्यावर आरसा होता. मी विसरलेच होते. चित्र समोर नव्हतंच, दादा. माझ्या मागच्या भिंतीवर होतं. म्हणजे आई लांब बसायची नाही. माझ्या उशाशीच बसायची.” मग त्यांनी आपला हात केसांवर नेला आणि तसाच ठेवला. “मग तो हात पण...”

मी चित्र धरून उभाच होतो. माझे हात भरून आले होते, पण खाली ठेवावंसं वाटेना.

मालकांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, “काही काळजी करू नका. छापखान्याला सांगून उलटंच छापून आणतो. फिल्म पालथी घातली की झालं. आठवड्यात हजर.”

“सांगते विचार करून,” त्या म्हणाल्या.

तो आठवडा मला जड गेला. उलटं चित्र आलं की त्या ते घेऊन जातील आणि शनिवार संपतील, एवढंच माझ्या डोक्यात. शनिवारी त्या आल्या आणि म्हणाल्या, “सरळच द्या. आणि एक आरसा द्या.”

“दोन्ही कशाला?” मालक म्हणाले. “उलटं एक घेतलंत की काम भागतं.”

“उलटं घेतलं तर समोर लावावं लागेल. मग ती परत लांब जाऊन बसेल.”

मालक माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हीच जा हो लावायला. तुम्हांला कळतंय ते.”

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खाट, शिवणयंत्र, आणि खिडकीत डबे भरून बटणं. मी चित्र खाटेच्या उशाकडच्या भिंतीवर लावलं. समोर आरसा धरला आणि विचारलं, किती उंच? त्या खाटेवर आडव्या झाल्या, मान सरळ ठेवली.

“वर. थोडा खाली वाकवा. हं. चित्र दिसतंय.”  मग म्हणाल्या, “दादा, एक काम कराल? आरसा अडकवा आणि इथं उशाशी स्टुलावर बसा. माणूस दिसतं का बघते.”

मी खिळा पक्का केला, आरसा अडकवला आणि चित्राखाली जाऊन बसलो. हात कुठं ठेवावेत कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले. आरशात मी दिसत होतो, माझ्या डोक्यावर ती झाडाखालची आई, आणि खाली ताईंचे पांढरे होत चाललेले केस. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या जागेकडे बघत होत्या. मला ते कळत होतं. तरी मी शक्य तेवढं न हलता बसलो.

“चेहरा नाही येत,” शेवटी त्या म्हणाल्या. “पण जागा बरोबर आहे.”

मग उठून त्यांनी मला पाणी दिलं. मी हत्यारं आवरून निघालो.

त्यानंतर त्यांना दुकानात यायचं कारण उरलं नाही. मी एक-दोनदा कारखान्यावरून गेलो, पण आत जायला मलाही कारण नव्हतं. पुढे दुकान बंद झालं. बऱ्याच काळानं त्या बसथांब्यावर भेटल्या. दोऱ्याच्या रिळांची पिशवी हातात होती. चेहरा आठवला का, हे मला विचारायचं होतं. त्यांच्याकडे चालत जाताना शब्दही जुळवले होते.

“आरशाचा खिळा टिकलाय ना?” मी विचारलं.

“टिकलाय. भिंत चांगली आहे.”

“सैल झाला तर सांगा. लगेच येईन.”

“सांगते की. बस आली, दादा, तुमचीच आहे.”