वीतभर कापलेला पत्रा

ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मोठ्या मळणी यंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. माझा स्वतःचा एक आहे. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून झालं की महिनाभर मी त्याच्यासोबत केनवडच्या आसपासची शिवारं फिरतो. दोन वर्षांपूर्वी त्याच हडंब्यात एका बाईच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. तिचं ध्यान नव्हतं, असं गाव म्हणतं. तीही तेच म्हणते. ते खरं नाही, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हडंबा नवा आला तेव्हा त्याच्या तोंडाला लांब पत्रा होता. सोयाबीनचा कवळा, कवेत मावेल एवढा भारा, त्या पत्र्यावर ठेवायचा आणि आत सारायचा. पत्रा इतका लांब की हात आतल्या फिरत्या दात्यांपर्यंत पोचत नसे. पण ओलसर माल त्यावर अडायचा, मग काडीने ढकलावा लागायचा. पलीकडच्या गावातला हडंबा माझ्याआधी शेत मोकळं करायचा. दोन शेतकरी माझ्याकडून त्याच्याकडे गेले. तिसरा म्हणाला, "तुहा हडंबा हाये का बैलगाडी?" त्याच आठवड्यात मी वेल्डिंगवाल्याकडे जाऊन पत्रा वीतभर कापून आणला. कापताना वेल्डिंगवाल्याने काही विचारलं नाही. त्याच्याकडे असे कापलेले तुकडे कोपऱ्यात पडलेलेच होते.

ती आमच्याच गावची. तिचा नवरा शाळेत माझ्या वर्गात होता, म्हणून मी तिला वयनी म्हणतो. पंधरा बायांची टोळी तिच्या शब्दावर चालायची. सकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर बाया जमायच्या आणि कोणी कोणाच्या शेतात जायचं ते ती ठरवायची. एखाद्या शेतकऱ्याने पाण्याची सोय केली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधावर एक बाई दिसायची नाही. मोठमोठे शेतकरी तिच्याशी जपून बोलत.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. ती स्वतः हडंब्याच्या तोंडाशी उभी होती, लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल. कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, उडत होतं, आवाजात कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. मी ट्रॅक्टरवरून हाताने खुणा करत होतो, लवकर, लवकर. सकाळपासून ती तिथेच होती. तिला बदली द्यावी हे माझ्या मनात आलं नाही, कारण तिच्याइतका झपाट्याने कवळा सारणारं दुसरं कोणी नव्हतं. ओला कवळा दात्यांनी ओढला, त्याच्याबरोबर बाही गेली, बाहीबरोबर हात. मी मशीन बंद केलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, "माहंच ध्यान नव्हतं." मी खाटेपाशीच उभा होतो. पत्र्याबद्दल एक वाक्य बोलायला तेवढीच जागा होती, आणि मी पाण्याची बाटली आणायला बाहेर गेलो.

तिथून जे सुरू झालं ते मला सहन होईना. तिची टोळी तुटली. शेतकरी म्हणू लागले, "जिले सोताचे हात सांभाळता नाही आले, ते बाया काय सांभाळीन?" पाच-सहा बाया दुसऱ्या बाईबरोबर जाऊ लागल्या. ओट्यावर ती अजून येऊन बसे, पण ठरवायला काही उरलं नव्हतं. आणि मी स्वस्थ बसू शकत नव्हतो. चहाच्या टपरीवर बाकावर टेकलो की उठत होतो. भाजीबाजारात गेलो की लोकांचे हातच दिसायचे, वांगी निवडणारे, पिशवी धरणारे. मी बोटं मोजायचो. बायको म्हणाली, "तुमच्या पायाले काय भिंगरी बांदली काय?" तिलाही मी सांगितलं नाही.

मागच्या हंगामात एका शेतात मजूर कमी पडला, म्हणून मी स्वतः तोंडाशी उभा राहिलो. सगळं ठाऊक असलेला माणूस, डोळ्यांत तेल घालून. पहिला अर्धा तास हात जपून होता. मग तो आपोआप चालू लागला. कवळा अडला आणि माझा हात त्याच्यामागे गेला, मी न सांगता. दात्यांचा वारा बोटांना लागला तेव्हा कळलं. मी मशीन बंद केलं. शेतकरी ओरडला, "काहून बंद केलं?" मी म्हणालो, "गरम झालं." पुन्हा खोटं.

पण त्या दिवशी एक गोष्ट नक्की समजली. ध्यान ही दिवसभर पुरणारी वस्तू नाही. कोणाचंही ध्यान कधी ना कधी जाणारच. ते जाईल तेव्हा बोट आणि दात्यांमध्ये काहीतरी असावं, म्हणून तो पत्रा होता. तोच मी कापला होता. तरीही तो हंगाम मी त्याच पत्र्यावर काढला. हेही लिहिलं पाहिजे.

यंदा हंगामाआधी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मळणीतल्या सुरक्षेवर माहिती द्यायला एक साहेब आले. भले माणूस होते. म्हणाले, अपघात निष्काळजीपणामुळे होतात, लक्ष ठेवून काम करा. मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, आमच्या इथं नमुना बसेलच हाये." चार-पाच जण हसले. ती खिडकीपाशी बसली होती. तिने हात पदराखाली घेतला.

मी उठलो. म्हणालो, "तिचं ध्यान नव्हतं हे खोटं हाये. पत्रा वीतभर कापेल होता. मी कापला. लवकर व्हावं म्हणून."

पलीकडच्या गावातला हडंबेवाला तिथेच होता. तो म्हणाला, "कापतात तं सगळेच. तूच काय मोठा हरिश्चंद्र?"

"सगळेच कापतात," मी म्हणालो, "म्हणून तं सांगून राह्यलो."

साहेबांनी वही मिटली आणि विचारलं, किती कापला, कुठून. मी सांगत गेलो. ती माझ्याकडे पाहत होती. बैठक संपल्यावर दारात गाठून म्हणाली, "दोन वर्सं चूप होते तुमी. मी रोज सोताले शिव्या देल्या. पोरगी म्हणे, आई तुले कायी समजत नाही. ते आयकलं मी." मी मान खाली घातली. माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ते राहू द्या. पत्रा लावला का?"

लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावून घेतला, मूळचा होता तेवढा. संध्याकाळी ती माझ्या अंगणात आली, तिच्यासोबत सात बाया. हडंबा बंदच होता, तरी तिने आधी ट्रॅक्टरची चावी माझ्याकडून मागून घेतली. मग डावा हात आत घातला. बोटं दात्यांपर्यंत पोचली नाहीत. मला हायसं वाटलं.

तिने मागे वळून टोळीतल्या सगळ्यात उंच बाईला बोलावलं. "तू टाक वं." त्या बाईने वाकून हात घातला. तिची बोटं दात्यांना टेकली.

"कंपनीनं हा कोणाच्या हातावर मापला काय म्हाईत," ती म्हणाली. "हिच्या हातापरीस वीतभर लांब करा."

"वयनी, माल अडते मग. लई वेळ लागन."

"लागू द्या. आन तासातासानं बाई बदलली पायजे. तोंडाशी कोण उभं राहीन ते मी ठरवीन."

सातही जणी तिच्या मागेच उभ्या होत्या, आणि दोन वर्षांत तिला असं सांगताना मी ऐकलं नव्हतं.

तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर झालेला नाही. हडंबा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडून नेला, आज तो पुन्हा वेल्डिंगवाल्याकडे आहे. शिवारात सोंगलेल्या मालाच्या गंज्या लागल्या आहेत, तीन शेतकऱ्यांचे फोन येऊन गेले, त्यातला एक पलीकडच्या गावच्या हडंब्याकडे निघूनही गेला. चावी अजून तिच्याकडेच आहे.