आत्याने ओढलेली रेघ

आमच्या आत्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. पडदे कुठले घ्यावेत, दाढेला कोणता डॉक्टर बरा, सगळ्यावर तिचा सल्ला न मागता हजर. आणि ही बाई नोकरीला कुठे, तर नगररचना खात्यात, जिथे तोंडाला कुलूप ही पहिली अट! ती ट्रेसर होती. मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरून रेघ न् रेघ उतरवायची, मग घरांना पिवळा, बागांना हिरवा रंग द्यायची.

मला त्या खात्याचं भारी कुतूहल. शहर कसं वाढावं हे सरकारने का ठरवायचं? आत्या सांगायची, की पूर्वी साथ आली की सरकार जागं व्हायचं, चार गल्ल्या रुंद करायचं आणि पुन्हा झोपायचं. मग सबंध शहराचा आराखडा आला, पुढे भोवतालची गावंही त्यात ओढली गेली. पण आराखडा राहायचा साहेबांच्या कपाटात. घरावर रस्ता येतोय हे लोकांना कुदळ दिसल्यावर कळायचं. नव्या कायद्याने तो भिंतीवर लावून लोकांच्या हरकती मागवणं भाग पाडलं. तोवर मात्र एक अक्षर फुटता कामा नये, नाहीतर जमिनीचे दलाल आधीच हात धुऊन घेणार.

त्या वर्षी बाबांनी सारी पुंजी गोळा करून घरावर मजला चढवायचं ठरवलं. जेवताना त्यांनी बहिणीला विचारलं, "ताई, टाकू ना स्लॅब?" आत्या ताटाकडे बघत राहिली. मग पाणी प्यायली आणि लवकर निघून गेली.

आराखडा लागला तेव्हा मी बाबांबरोबर रांगेत होतो. लोकांना नकाशात त्यांचं घर शोधून द्यायचं काम आत्याकडेच होतं. तिची पट्टी आमच्या घरावर टेकली. रुंद होणारा रस्ता आमचं अर्धं घर घेऊन गेला होता.

"माहीत होतं तुला?" बाबांनी विचारलं.

"रेघ मीच ओढली," ती म्हणाली. "सांगता येत नव्हतं रे. तुझा पैसा मातीत जाणार म्हणून माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. टाकलास का स्लॅब?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली. "दुसऱ्याच दिवशी गवंड्याला थांबवलं. तू सल्ला दिला नाहीस, तेव्हाच ओळखलं मी."

आत्याचा जीव भांड्यात पडला. ती हसली, पण ते हसू लगेच मावळलं.

"म्हणजे फुटलंच की माझ्याकडून," ती पुटपुटली, आणि मागच्या माणसाला तिने त्याची गल्ली विचारली.