साहेबासमोर आजारी कसं पडायचं?

मोहाच्या झाडाखाली टोपली ठेवून नुसतं बसलं तरी ती भरते. आमच्या पेन्शनवाल्या मंडळीत किश्शांचं तसंच! वेचायला लागत नाहीत, टपटप पडतात.

मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, आम्ही धानोऱ्याकडची पोरं पलटणीत गेलो. बंदूक कमी, हमाली जास्त! डेपोत विषारी गॅसचे ड्रम रचायचे. ड्रम गळायचे, छाती आमची जळायची. घरी आल्यावर अपंगत्वाच्या पेन्शनसाठी क्लेम केले. चांद्याच्या डाकबंगल्यात मेडिकल बोर्डाचा डॉक्टर यायचा, फौजी कॅप्टन. आजार नोकरीतच लागला, हे त्याला पटवायचं. गाडी इथंच अडायची!

*

पहिला नंबर सोमाजीचा. दाढी गुळगुळीत, मिशीला तेल! डॉक्टरनं विचारलं, "तब्येत कशी आहे?"

टाच खाडकन वाजली. "फर्स्ट क्लास, साहेब!"

क्लेम फेटाळला! बाहेर येऊन आम्हालाच म्हणतो, "साहेबापुढं रडाचं कसं गा?"

*

मग उरकुड्याला आम्ही खाटेवर घालून नेलं. "हूं की चूं करू नको," असं बजावलं. खांदेकरी चौघंही जुने फौजीच. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आला. चौघांनी खाट सोडली आणि कडक सॅल्यूट ठोकला! उरकुडा धाडकन जमिनीवर. त्यानं तिथूनच, पडल्या पडल्या, सॅल्यूट मारला!

*

दसरूचं मात्र खरंच अवघड होतं. बांधावर चार पावलं चालला की दम तुटायचा. डॉक्टर म्हणाला, "हा खोकला बिडीचा."

दसरूची बायको सीताबाई दारातून कडाडली, "साहेब, बिडी त मी पितो, खोकलते हा!"

तरी दसरू ताठ उभा. "फिट आहे, साहेब!" झालं! दुसऱ्या खेपेलाही क्लेम फेटाळला.

*

दसरूची तिसरी खेप शेवटची होती. आता नाही म्हटलं की कायमचं नाही. दसरू आत गेला आणि पुन्हा तेच, "फिट, साहेब!" डॉक्टरनं पेन उचललं.

डेपोत एक हुकूम होता. "गॅस!" ऐकलं की श्वास रोखायचा आणि छातीवरच्या पिशवीतला मुखवटा काढायचा. मला काय सुचलं कोण जाणे, खिडकीतून बोंबललो, "गॅस!"

व्हरांड्यातल्या सगळ्यांचे हात छातीवर! गाल फुगलेले, डोळे बाहेर. कॅप्टनसाहेबाचाही हात छातीवर! आणि दसरू? श्वास रोखायला गेला, तर खोकल्याची अशी उबळ आली की खालीच बसला. ओठ निळे पडले.

डॉक्टर धावला. "काय होतंय तुला?"

"फिट... साहेब!"

डॉक्टर ताठ उभा राहून गरजला, "जवान! रिपोर्ट!"

दसरू धडपडत अटेन्शनमध्ये आला. "छातीत आग होते, साहेब! नांगर धरवत नाई, साहेब! बायकोले दिसू नाई म्हणून झाडाआड जाऊन दम घेतो, साहेब! रिपोर्ट खतम, साहेब!"

डॉक्टरनं मान खाली घातली आणि लिहिलं, मंजूर.

बाहेर आम्ही टोप्या उडवल्या. सीताबाई पदरानं डोळे पुसत नवऱ्यावर धावून गेली. "इतकी बरसं झाली, मले काऊन नाई सांगतलं?"

दसरू म्हणाला, "तुनं रिपोर्ट कुठी मागतला?"