बाणसरांचे उलटे बाण

आमचे भूगोलाचे सर बाणाशिवाय बोलत नसत. फळा असो, वहीचं मागचं पान असो, नाहीतर धुळीनं माखलेली एखादी जीप असो, खडू नसला तर बोटानं, पण बाण काढायचेच. वारा कुठून कुठं जातो, ढग कुठं अडतात, नेकनूरहून बीडला जाणारी एसटी आज कोणत्या फाट्यानं वळेल, सगळ्याला बाण. खरं नाव हजेरीपत्रकापुरतं होतं. गावाच्या तोंडी ते बाणसर.

बीडच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी समुद्राच्या तळाचा एक जुना नकाशा आणला होता. पाणी सगळं काढून टाकलं तर खाली काय दिसेल, त्याचा. महासागराच्या मधोमध वरपासून खालपर्यंत डोंगरांची रांग, आणि तीही सलग नाही, जागोजागी तुटून बाजूला सरकलेली. समुद्र पाहिलेला वर्गात एकही नव्हता, सर धरून. तरी ते सांगायला लागले की ऐकत राहावं वाटायचं. "हितं जमीन रोज नवी बनती. खालून तापलेला रस वर येतो, थिजतो, अन् दोन्ही अंगाला सरकत जातो. आपली नखं वाढतात ना, तेवढ्याच गतीनं." आम्ही आपापली नखं बघायचो. हे परीक्षेत येत नाही म्हणून मुख्याध्यापक कुरकुरले, तर सर म्हणाले, "परीक्षा मार्चात हाय, समुद्र बारा महिने हाय."

त्या तुटलेल्या डोंगरांना जोडणाऱ्या भेगेला ते 'आडवी चीर' म्हणत. आम्हाला समजावं म्हणून त्यांनी आमच्याच शेतातलं उदाहरण घेतलं. "मंगल, तुमच्या वावरातली सरी मधीच तुटून वरचा तुकडा डावीकडं गेलेला दिसला, तर वरची माती कुठं सरकली?" मी म्हणाले, डावीकडं. "मग समुद्रात बी तसंच." आणि त्यांनी चिरेच्या वरच्या बाजूला डावीकडे, खालच्या बाजूला उजवीकडे बाण काढले. आम्ही सगळी कुणब्यांची पोरं, सरी कशी सरकते हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. सगळ्यांना लगेच पटलं. आणि ते साफ चूक होतं.

ते मला कॉलेजात कळलं. हे डोंगर सरकून मागेपुढे झालेलेच नसतात, ते आधीपासून तसेच उभे असतात. सरकते ती त्यांच्यातून निघणारी नवी जमीन. ती दोन्ही अंगाला जाते, पण दोन डोंगरांच्या मधल्या जागेत वरच्याची उजवीकडे येते, खालच्याची डावीकडे, आणि तिथं त्या एकमेकींना घासत जातात. भूकंप होतात ते तेवढ्याच जागेत. म्हणजे सरांचे बाण नेमके उलटे होते. मी ते मोठ्या ऐटीत कॉलेजच्या फळ्यावर काढले होते, आणि सगळा वर्ग मला हसला.

तो राग मी मनात धरून ठेवला, हे आज कबूल करते. पुढे समुद्रतळाचे नकाशे करण्याची नोकरी लागली तेव्हा शाळेनं माझा सत्कार केला. शाल, नारळ, समोर सारा गाव. मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "बाणसरांनी आम्हाला बाण उलटे शिकवले, त्यामुळे कॉलेजात माझी चांगलीच फजिती झाली." लोक पोट धरून हसले. सरही हसले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला वाटलं, काय छान बोललो आपण. अक्कल गहाण टाकलेलं माणूस असंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या दारात हजर. माझी बस होती, बॅग भरणं चाललं होतं. "कालचं ते जरा नीट दाखव बरं." मी दोन मोबाइल एकमेकांना घासून पाच मिनिटांत उरकलं. सरांनी ते मोबाइल हातात घेऊन स्वतः घासून पाहिले. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं मी पोरांना चुकीचं सांगितलं. आता ती कुठं कुठं असतील गं?" मी हसून म्हणाले, "सर, कोणाच्या लक्षात असणार आहे ते?" ते म्हणाले, "तुझ्या हुतं की."

निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, बाणसर विद्यार्थ्यांच्या दारी जायला लागले. एका पुठ्ठ्याला मागेपुढे दोन फटी पाडायच्या, प्रत्येक फटीतून वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंना ओढायच्या, की मधल्या जागेत कागदाला कागद कसा उलटा घासतो ते दिसतं. तो पुठ्ठा पिशवीत घालून ते एसटीनं हिंडत. रात्री फोन यायचा. "आज तलवाड्याला गेलतो. एक जण ट्रॅक्टर दुरुस्त करत हुता. हात पुसून बसला बिचारा, सगळं ऐकलं." कड्याच्या साखर कारखान्यात काम करणाऱ्या एकाला तर त्यांनी फाटकावर गाठलं. तो मला नंतर म्हणाला, "मला वाटलं सर काही कामाला आलेत. ते म्हणले, माझं चुकलं हुतं, तेवढं सांगाया आलोय."

प्रत्येक फोनच्या शेवटी एकच मागणी असे. "एकदा येऊन मी बरोबर सांगतो का बघून जा. न्हाईतर पुन्हा सव्वीस वर्षं वाया." मी म्हणायची, दिवाळीत येते. एका दिवाळीला मी जहाजावर होते, ते खरं. पुढच्या दोन दिवाळ्यांना मी काही कारण नसताना आले नाही. फोनवर त्यांना बोलताना दम लागतो हे मला ऐकू येत होतं. तेही मी ऐकून सोडून दिलं.

सर गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर कळलं. मी पोचले ती दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, पाणी दिलं, मग कपाटातून एक वही काढली. सव्वीस वर्षांतल्या मुलांची नावं, भेटलेल्यांपुढे बरोबरची खूण. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. "ती तपासाया येणार हाय, म्हणायचे. तोवर तिची खूण करायची न्हाई."

काकू शाळेत कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी तो पुठ्ठा पिशवीतून काढला, मांडीवर ठेवला, आणि पट्ट्या ओढायला लागल्या. "ही हिकडं जाती, ही तिकडं. मधी दोघींचं घासतं, भूकंप होतो तो हितंच. त्याच्या म्होरं चीर दिसती खरी, पण तितं दोन्ही अंगं एकाच वाटंनं जात्यात, भांडण न्हाई." त्या थांबल्या. "रोज माझ्यापुढं म्हणून दाखवायचे. पाठ झालं. बरोबर हाय का गं?"

मी सगळ्या पट्ट्या पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. म्हणाले, "बरोबर आहे, काकू. अगदी बरोबर आहे."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.