एका फाशावर दोन सवलती

धोंड्याच्या महिन्यात जावई जेवायला आले आणि मी त्यांच्या सेनापतीवर बसलो.

सेनापती अंगठ्याएवढा होता. महेशराव नांदेडहून येताना एक खेळ घेऊन आले होते. त्यातले चिमुकले सैनिक ते स्वतः बारीक कुंचल्यानं रंगवतात. ते सैन्य त्यांनी आमच्या लातूरच्या घरातल्या दिवाणावर मांडलं होतं. (दिवाण बसण्यासाठी असतो, हा माझा जुना समज.) सेनापतीचा भाला मोडला. जावई "असू द्या, मामा" म्हणाले खरे, पण चेहरा उतरला.

बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. थोरल्या लेकीला, गौरीला, आठ दिवस ठेवून घ्यायचं तिच्या मनात होतं आणि जावई तर संध्याकाळच्या एसटीची दोघांची तिकिटं काढूनच आलेले. "आता त्यांच्यासंगं खेळा आणि हरा," ती म्हणाली. "खूश झाले तर पोरीला ठेवतील."

हरणं मला अवघड वाटलं नाही. दुकानात रोजच सराव असतो. नियमही सोपे होते. फाशावर सहा पडले की समोरचा सैनिक गारद. दान आवडलं नाही तर एकदा पुन्हा टाकता येतं. आणि आपला नगारेवाला जवळ उभा असेल तर दानात एक वाढवून मिळतो. पण माझं नशीब असं फुटकं, की दानं चांगली पडायला लागली! एकदा पुन्हा टाकलेल्या फाशावर पाच पडले आणि नगारेवाला शेजारीच. "सहा झाले, मामा," जावई उदारपणे म्हणाले. पुन्हा टाकलेल्या फाशात एक वाढवायचा का, याबद्दल नियमांचं पुस्तक गप्प होतं.

मी पडलो कापडवाला. "न्हाई, पाव्हणे," मी म्हणालो. "एका मालावर दोन सवलती नसतात."

जावई भारावले. असा सरळ माणूस आमच्या नांदेडात सापडायचा नाही, असं म्हणत त्यांनी आणखी एक धोंडा खाल्ला आणि त्याच आनंदात जाहीर केलं, की मामा जिंकले तर गौरी आठ दिवस राहील.

दारातून बायकोनं डोळे वटारले. म्हणजे आता जिंकायचं होतं! मी जिवावर उदार होऊन लढलो. शेवटी दोघांकडं एकेकच लढणारा उरला. मी फासा टाकला. दोन. पुन्हा टाकला. पाच. नगारेवाला शेजारीच.

"सहा," मी म्हणालो.

"एका मालावर दोन सवलती, मामा?" जावई अगदी अदबीनं म्हणाले.

मी दिवाळीच्या सेलचे दाखले दिले. जुना माल काढताना काय काय करावं लागतं ते सांगितलं. महिना अधिक असल्यानं एक अधिक धरायला हरकत नसावी, असंही सुचवून पाहिलं. शेवटी गौरीच म्हणाली, "बाबा, निकाल तुम्हीच दिलाय ना?" पुढच्या दानात जावयांनी माझा निकाल लावला.

त्यांना एसटीत बसवून आम्ही रिक्षानं परतलो. घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "धाकटीच्या लग्नाची बोलणी होतील ना, तवा तुम्ही पोराकडच्यांच्या बाजूला बसा. तिकडून बोललात तर आपलं लई भलं होईल."