घुमटाशेजारी ठेवलेली गिटार

सरांनी तो कागद माझ्या हातात दिला तेव्हा विमानतळावर जाणारी गाडी त्यांच्या दारात उभी होती. चौकटीच्या वहीचे पान होते. त्यावर निळ्या शाईत सहा ओळी आणि प्रत्येक ओळीला आकडा. पंधरा वर्षांपूर्वी फळ्यावर पाहिलेले तेच अक्षर.

भिंतीला टेकवून ठेवू नये. चूल आणि फ्रिज यांच्यापासून लांब ठेवावी. आठवड्यातून एकदा पेटी उघडून कोरड्या सुती फडक्याने पुसावी. तारा सैल केल्या आहेत, तशाच राहू द्याव्यात. तेल किंवा पॉलिश लावू नये. कोणालाही वाजवायला देऊ नये.

"वाचलंस?" सरांनी विचारले.

"वाचलं, सर."

"मग घरी ने. आणि बसमध्ये मांडीवर घे हां, वर फळीवर नको."

"सर, मी मोटरसायकल आणलीय."

"देवा! मग चालत जा."

ते विनोद करत होते आणि करतही नव्हते. पावसाळ्याचे तीन महिने ते मुलीकडे पोर्तुगालला चालले होते. त्यांची बायको वारल्यापासून घरात ते एकटेच. आमच्याकडे पावसात बंद घराचे काय होते ते कोणाला सांगायला नको. चपलांवर बुरशी, पुस्तकांवर बुरशी, देवळाच्या पावतीपुस्तकावरसुद्धा बुरशी. त्यामुळे गिटार बंद घरात राहणे शक्य नव्हते आणि ठेवायची कोणाकडे, तर माझ्याकडे. त्यांच्या एवढ्या विद्यार्थ्यांमधून माझ्याकडे. मी खरोखरच मोटरसायकल तिथे ठेवली आणि पेटी छातीशी धरून चोपड्याला, आमच्या घरापर्यंत, चालत आलो.

सरांविषयी थोडे सांगायला हवे. ते आम्हाला हायस्कूलमध्ये गणित शिकवत. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. बाबा शेती करायचे, भरती-ओहोटी पाहून नदीत जाळे टाकायचे, आणि दहावीनंतर मीही तेच करणार हे ठरल्यासारखे होते. सर एका संध्याकाळी आमच्या खळ्यात येऊन बसले. बाबांना म्हणाले, "जमीन खंय पळून वचना. ती हंयच आसतली. ह्याका कॉलेजात धाड." बाबा म्हणाले, "आनी हो नापास जालो तर?" सर म्हणाले, "तर मगीर दोघूय मेळून मारूंया ताका." त्यावर बाबा हसले, आणि बाबा हसले म्हणजे विषय मिटला. प्रवेशाचा अर्ज सरांनीच भरला, कारण त्यातले निम्मे रकाने आमच्या घरात कोणाला कळत नव्हते. आज मी तुये गावातल्या कारखान्यात तपासणी विभागात काम करतो, नावापुढे बी.एस्सी. लिहितो. ते त्या संध्याकाळमुळे.

दहावीच्या वर्षी मी रोज संध्याकाळी त्यांच्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीत, गणिते सोडवायला बसायचो. मी एखाद्या उदाहरणात अडकलो की सर आतून गिटार घेऊन यायचे आणि मला सुटेपर्यंत एकच सुरावट वाजवत बसायचे. उदाहरण लवकर सुटू नये असे मला कधी कधी वाटायचे.

ती गिटार त्यांच्या वडिलांची. वडील तारवटी होते, बोटीच्या स्वयंपाकघरात काम करायचे. कुठल्या तरी बंदरात एका म्हाताऱ्या खलाशाकडून त्यांनी ती घेतली. तेव्हाही ती जुनीच होती. दिसायला अगदी साधी, हल्लीच्या गिटारींपेक्षा लहान, कमरेत बारीक. पुढच्या फळीचा रंग कधी काळी फिका असावा, आता तो जुन्या मधासारखा झाला होता. वरच्या कडेला, वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथे, पॉलिश पूर्ण झिजून लाकूड उघडे पडले होते. एक खुंटी बाकीच्या खुंट्यांशी न जुळणारी. मी एकदा विचारले होते, "सर, एवढी झिजलीय तर पॉलिश का करत नाही?" सर म्हणाले, "ते माझ्या पायचं कोपर आहे. पुसू?" आपल्या वडिलांना ते पाय म्हणत.

केरीला दरवर्षी येऊन राहणारा एक परदेशी माणूस एकदा तो आवाज ऐकून रस्त्यावरच थांबला होता. आत आला, वाजवून पाहिली, डोळे मिटून बसला. मग म्हणाला, माझी मोटरसायकल घ्या, माझी नवी गिटार घ्या, वर मागाल ते घ्या. सर म्हणाले, "मोटरसायकल घेऊन मी कुठे जाऊ? मासळी बाजाराक?" तो गेल्यावर मी विचारले की ह्या माणसाला नवी सोडून जुनी कशाला हवी. सरांनी गिटार माझ्या हातात दिली. जाडी तार छेडायला सांगितली आणि आवाज संपेपर्यंत बोलायचे नाही म्हणाले. मी छेडली. आवाज किती वेळ राहिला! संपला असे वाटले तरी गिटारीच्या पाठीवर ठेवलेल्या माझ्या तळव्याला तो लागत होता. "लाकूड इतकी वर्षं सुकतंय," सर म्हणाले. "वरची फळी पोळीसारखी पातळ, आत सगळं जुन्या सरसानं चिकटवलेलं. आणि त्यात साठ-सत्तर वर्षं माणसं वाजवतायत. नवीन लाकडाला हे विकत घेता येत नाही. त्याला थांबावं लागतं."

तेव्हा मला ते नीट कळले नव्हते. आता कळते.

जून आणि जुलै मी कागदाबरहुकूम वागलो. दर रविवारी पेटी उघडायची, फडके फिरवायचे, पेटी बंद. आईने एकदा पेटीवर सुकत घातलेले टॉवेल ठेवले तर मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "मेल्या, तुज्या बापाशीची इतकी काळजी घेतली आसतीस तर!"

ऑगस्टमध्ये मला मोह झाला. दीड महिना सूर्य दिसला नव्हता. मी जाड्या तारेवर हळूच बोट मारून पाहिले. तार सैल होती, पण आवाज नुसता सैल नव्हता. तो ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा आला. मी घाबरलो. मला वाटले, आपल्या घरात तिला दमट हवा लागली, सर परत येऊन पेटी उघडणार आणि असा आवाज ऐकणार.

सर चतुर्थीच्या आठवड्यातच परत येणार होते. आमचा गणपती पाच दिवसांचा. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ एकदम उघडले, कडक ऊन पडले आणि सगळ्या वाड्यात एकच हालचाल झाली. घुमटे उन्हात आली.

ज्यांनी घुमट पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीचे मडके, त्याचे मोठे तोंड चामड्याने मढवलेले. दमट हवेत चामडे सैल पडते, थाप मारली तर मुका आवाज येतो. म्हणून आरतीच्या आधी घुमट उन्हात ठेवायचे, मधून मधून थाप मारून पाहायची, आणि एका क्षणी चामडे असे बोलू लागते की अंगणातली पोरे नाचायला लागतात. बाबा आमच्या वाड्यातले जुने घुमटवाले. लहानपणापासून मी हेच पाहत आलो आहे. मुके झालेले वाद्य उन्हाने बोलते.

मी पेटी बाहेर आणली.

बाबा तुळशीपाशी घुमटावर थाप मारत होते. म्हणाले, "हां, दवर हंय. येक तासभर. बघ मगीर कशी गायता ती."

मी कारखान्यात रोज मालातला ओलावा मोजतो. कोणता माल किती तापमानाला ठेवायचा ह्याचे तक्ते माझ्या हाताखाली असतात. त्या सकाळी त्यातले मला काही आठवले नाही. मी पेटीचे झाकण उघडून गिटार घुमटाशेजारी ठेवली. आणि आवाज सुधारतो आहे का हे कळावे म्हणून, बाबा घुमटावर मारत होते तशी मलाही मधून मधून तार वाजवून पाहायची होती. सैल तारेवर काय कळणार? म्हणून मी सहाही तारा ताणून सुरात लावल्या. फोनवर सूर दाखवणारे ॲप आहे, त्यावर पाहून अगदी काटेकोर लावल्या.

पाऊण तासाने आवाज खरेच सुधारला होता. मी बाबांना वाजवून दाखवला. बाबा म्हणाले, "सांगलेलां न्हय?" आम्ही दोघेही खूश झालो. मग शेजारच्या घरी आरतीला हाक आली आणि आम्ही गेलो. "अजून अर्धा तास," मी आईला सांगून गेलो.

परत आलो तेव्हा आई पायरीवर उभी होती. "कायतरी फुटल्याचो आवाज आयलो," ती म्हणाली.

तारा ज्या लाकडी पट्टीला अडकवतात तो ब्रिज मागच्या बाजूने उपटून वर आला होता. त्याच्या खालून पुढच्या फळीला केसाएवढी चीर गेली होती, अगदी तळापर्यंत. मी पेटीला हात लावला. काळ्या पेटीचे आतले कापड भाजत होते.

त्या दिवशीच्या आरत्यांना बाबांनी घुमट वाजवले नाही. कोणी विचारले तर म्हणाले, हात दुखता.

म्हापशाला चर्चमधल्या वादकांची व्हायोलिने दुरुस्त करणारा एक मेस्त आहे. मेस्त म्हणजे आमच्याकडे जुना कारागीर. त्याने छोटा आरसा आणि दिवा घालून गिटारीच्या पोटात पाहिले.

"हिला उन्हात कोणी ठेवली?"

"मी."

"जुना सरस. पावसाळाभर ओल प्यालेला. ऊन लागलं की मऊ होतो, तेवढं तुला कोणी सांगितलं नाही?" मग त्याने तारांकडे पाहिले. "आणि ताणलेल्या! अरे, सैल असत्या तर कदाचित टिकली असती. सहा तारा मिळून ब्रिजाला माणसाएवढं ओढतात."

त्याने आरशात मला दाखवले. आतली एक आडवी पट्टीही मोडली होती. चीर बुजेल, ब्रिज बसेल, पण ती पट्टी नवी घालावी लागेल, म्हणाला.

"आवाज?"

"आवाज येईल. तोच येईल असं नाही सांगत. नवं लाकूड आहे, त्याला वेळ लागेल. तुझ्या-माझ्या आयुष्याएवढा वेळ नाही पुरणार." आरसा खाली ठेवत तो म्हणाला, "बाहेरून कोणाला कळणार नाही, असं करून देतो."

ते शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात चार दिवस होते. त्याने केलेही तसेच. चीर शोधून सापडत नव्हती.

सर आले. मी पेटी घेऊन गेलो. वाटेत ठरवले होते, पेटी उघडण्याआधी सांगायचे. पण सरांनी चहा ठेवला, मुलीचे फोटो दाखवले, आणि बोलता बोलता पेटी उघडून तारा लावूनसुद्धा झाल्या. त्यांनी नेहमीची ती सुरावट सुरू केली. जाड्या तारेपाशी आले. तार वाजली आणि लगेच संपली. त्यांनी पुन्हा वाजवली. तळवा गिटारीच्या पाठीवर ठेवून वाट पाहिली.

"पुता," ते म्हणाले, "काय झालं?"

मी सांगितले. ऊन सांगितले, घुमट सांगितले, मेस्त सांगितला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कागद आहे तुझ्याकडे?" मी पाकिटातून काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "उन्हाचं लिहिलंच नाही मी. जूनमध्ये ऊन कोणाला आठवतं? चूक माझी."

आयुष्यात एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. चौथी ओळ त्यांच्या अंगठ्याखाली होती. तारा सैल केल्या आहेत, तशाच राहू द्याव्यात. तारांचे तेवढे मी सांगितले नाही. कागद परत घेतला आणि घरी आलो.

त्यानंतर दीड महिना मी कामावरून येताना त्यांच्या घरावरून गेलो नाही. लांबच्या रस्त्याने आलो. एका संध्याकाळी तो रस्ता खोदलेला होता म्हणून वळावे लागले. वळणावर मी गाडी बंद केली. सर बाल्कांवात वाजवत होते. तीच सुरावट. जाड्या तारेच्या जागेपाशी येऊन थांबत होते, पुन्हा वरून सुरू करत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि एखादा नवशिका अडावा तसे त्याच जागी पुन्हा पुन्हा.

मी पायऱ्या चढलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "सर, चौथा नियम मी मोडला. तारा मी ताणल्या होत्या. मेस्त म्हणाला, सैल असत्या तर टिकली असती."

सरांनी वाजवणे थांबवले नाही. "माका खबर आसा," ते म्हणाले. "तारा ताणलेल्या नसताना ब्रिज उपटत नाही. मी गणिताचा मास्तर आहे रे. तू कधी सांगतोस ते पाहत होतो."

मग ते म्हणाले, "बस."

चालेल म्हणाले नाहीत, काही हरकत नाही म्हणाले नाहीत. मी बाकावर, दहावीत बसायचो त्याच कोपऱ्यात बसलो. त्यांनी सुरावट पुन्हा सुरू केली. ह्या वेळी जाड्या तारेपाशी आल्यावर त्यांनी ती वाजवलीच नाही. वरच्या दोन तारांवरून पुढे गेले. मला मात्र त्या जागी जुना आवाज ऐकू आला, पूर्ण संपेपर्यंत, आणि मी मान वर केली नाही.